निडवा मधल्या शिरेतून पिवळा पडतोय: खत कमी की विषाणू?

सांगेकर

नमस्कार मंडळी. गोव्यात साळावलीच्या कालव्याखाली ऊस आहे, को 86032 वाणाचा. लागण (पहिले पीक) छान आली होती, तोडीनंतर बुडख्यातून फुटलेला खोडवा बरा आला, आता त्यानंतरचा निडवा उभा आहे आणि तो बघवत नाही. दिवाळीच्या आसपास शेंड्याकडची पाने पिवळी दिसू लागली. आता वरच्या कांड्या आखूड पडल्यात. मोळी बांधायला उचलली की हातालाच कळते, वजन नाही.

कृषी सेवा केंद्रात पान दाखवले. त्यांनी हिराकस (लोहाचे खत) आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी सांगितली, ती केली. नंतर युरियाही दिला. खालची पाने काळोखी धरून हिरवी झाली, वरची पिवळी ती पिवळीच. बांधापलीकडे शेजाऱ्याची नवी लागण आहे. माती तीच, पाणी तेच, आणि तिथे पिवळ्याचा मागमूस नाही. आमच्याच वाळकिणीत आणखी दोघांकडे असेच दिसते, त्यांचेही खोडवे-निडवेच.

कुणी असे पाहिले आहे का?

पंचगंगाकाठ

दादा, हा केवडा आहे, म्हणजे लोह कमी पडतंय. आमच्याकडं खोडव्यात हमखास येतो. हिराकस एकदा मारून भागत नाही, शेणखतात मुरवून जमिनीतून द्या आणि आठवड्यानं पुन्हा फवारा. पान पांढरट पिवळं पडतंय ना?

मृण्मयी_फोंडा

सांगेकर, घाईने पुढची फवारणी करू नका. आधी तीन गोष्टी बघून सांगा.

1. पिवळेपणा पानाच्या पात्यावर आहे की मधल्या शिरेत?
2. पान उलटे करून मधली शीर बघा. खालच्या बाजूने तिचा रंग कोणता?
3. पूर्ण उघडलेली पाने वरून मोजत या. कितव्या पानापासून पिवळे दिसते?

पंचगंगाकाठ, तुमचा अनुभव तुमच्या जमिनीसाठी बरोबर आहे. केवडा चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीत येतो, कारण तिथे लोह असूनही पिकाला मिळत नाही. सांगे-धारबांदोड्याची जमीन जांभ्याची. आम्लधर्मी, आणि लोहाने तर ती लालच झालेली. तिथे लोह कमी पडणे हे मला सहसा पटत नाही. शिवाय केवड्यात कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिका पडतो. इथे तुमच्या शीर्षकातच उलटे आहे: मधली शीर पिवळी.

जांभ्यात पालाश मात्र खरोखर कमी पडतो. पण पालाशाच्या कमतरतेत मधली शीर *वरच्या* बाजूने लालसर होते, आणि जुनी पाने कडेने करपतात. म्हणून खालची बाजू बघायला सांगते आहे.

सांगेकर

सकाळी जाऊन आलो. दव सुकल्यावर बघितले.

वरून तिसऱ्या-चौथ्या पानापासून सुरू होते. पाते अजून हिरवे आहे, मधली शीर पिवळी. उलटे केल्यावर तर स्पष्टच: निरोगी पानाची शीर खालून पांढरट हिरवी असते, ह्याची पिकल्या लिंबासारखी पिवळीजर्द. सहाव्या-सातव्या पानात पिवळेपणा शिरेच्या दोन्ही बाजूंना पात्यात उतरलेला, आणि टोकाकडून शिरेलगत वाळत आलेले. काही पानांच्या शिरेत गुलाबी झाकही आहे. शेंड्याच्या कांड्या इतक्या आखूड की पाने सगळी एकाच जागेवरून फुटल्यासारखी दिसतात.

सगळ्या बेटांत (एका बुडख्यातून फुटलेल्या उसांच्या झुपक्यांत) नाही. एक बेट पूर्ण पिवळे, त्याच्या शेजारचे ठीक, मग सलग चार-पाच पिवळी.

मृण्मयी_फोंडा

नुसते वर्णन वाचून पक्के सांगता येत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. पण तुम्ही जे लिहिले आहे ते पिवळ्या पानाच्या रोगाचे जवळजवळ पुस्तकी वर्णन आहे. ऊस पिवळे पान विषाणू, पोलेरोव्हायरस गटातला. हवाई बेटांवर 1980 च्या दशकाच्या शेवटी हा रोग नजरेत आला, ब्राझीलमध्ये 1990 च्या दशकात त्याने हाहाकार केला, भारतात त्याची नोंद 1999 साली झाली. को 86032 हा वाण त्याला बळी पडणाऱ्यांतला आहे, हे कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेच्या कामातून माहीत झालेले आहे.

आता तो उत्पन्न कसे खातो ते सांगते, कारण सगळी गोम तिथे आहे.

उसाचे पान साखर तयार करते आणि ती रसवाहिन्यांतून खाली कांडीत जाते. हा विषाणू फक्त ह्या रसवाहिन्यांतच राहतो. तिथे तो वाढला की पानातली साखर खाली उतरायची थांबते. पानात साखर आणि पिष्ट साचते, पान पिवळे पडते आणि त्याचे हरितद्रव्य कमी होते. म्हणजे साखर बनतेही कमी, आणि बनलेली वाहतूकही अडते. कांडीला पोसायला काही मिळत नाही म्हणून ती आखूड आणि बारीक. तुमच्या हाताला मोळी हलकी लागली ती ह्यामुळे.

रोगाचा तीव्र प्रादुर्भाव असेल तर बळी पडणाऱ्या वाणांत उसाची वाढ आणि वजन यांत तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत घट आपल्याकडच्या प्रयोगांत दिसली आहे. रसही तेवढ्याच प्रमाणात कमी. ब्राझीलमध्ये एसपी 71-6163 नावाच्या वाणाचे निम्मे उत्पन्न गेले आणि तो वाण शेतातून काढून टाकावा लागला. पण हे आकडे वाईटात वाईट स्थितीचे आहेत. सौम्य प्रादुर्भावात घट बरीच कमी असते. कित्येक उसांत विषाणू असतो आणि पान हिरवेच दिसते. माझ्या मते हीच सर्वांत घातक अवस्था, कारण त्या हिरव्या उसाचे बेणे आपण आनंदाने घेतो.

लक्षणे पाच-सहा महिन्यांनंतर दिसतात, आणि खोडव्या-निडव्यात वाढत जातात. शेजाऱ्याची नवी लागण आज हिरवी आहे यावरून तिच्यात विषाणू नाही असे म्हणता येणार नाही. त्यांनी बेणे कुठून आणले, विचारा.

वाळपईकर

ताई, आमच्या सत्तरीत वेगळेच दिसते. पिवळे नाही, पण कोवळ्या पानात फिक्या हिरव्या रंगावर गडद हिरवे ठिपके-पट्टे, उन्हाकडे धरले की जास्त कळते. ऊस मरत नाही, पण फुटवे कमी. गेली काही वर्षे बघतोय, कुणी गंभीर घेत नाही. हे तेच का?

आणि रस शोषणारी मावा कीड हे पसरवते म्हणतात, ती मारली तर हे थांबेल का? दुकानात दोन-तीन औषधे सांगतात.

मृण्मयी_फोंडा

ते मोझॅक, म्हणजे केवड्याहून आणि पिवळ्या पानाहून वेगळे. आपल्याकडे मोझॅकमागे मुख्यतः दोन विषाणू असतात, ऊस मोझॅक आणि ऊस रेषीय मोझॅक, पुष्कळदा दोन्ही एकत्र. नव्या पानाच्या बुडाशी सर्वांत स्पष्ट दिसते, तुम्ही बरोबर जागी बघितले आहे.

माव्याचे उत्तर दोन्ही रोगांना वेगवेगळे आहे.

मोझॅकचा विषाणू मावा काही सेकंदांत सोंडेवर घेतो आणि पुढच्या पानाला टोचताच सोडतो. औषध लागून मावा मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. फवारणीने मोझॅक थांबत नाही, हा जगभरचा अनुभव आहे. उलट औषधाने बिथरलेला मावा जास्त फिरतो.

पिवळ्या पानाचा विषाणू ज्वारीवर येतो तोच मावा पसरवतो. त्याला रसवाहिनीपर्यंत सोंड घालून बराच वेळ रस प्यावा लागतो, मग विषाणू त्याच्या अंगात शिरतो आणि जन्मभर राहतो. इथे माव्याचा बंदोबस्त थोडा उपयोगी पडतो, पण उभ्या मोठ्या उसात शिरून फवारणार कोण आणि किती वेळा? माव्याला खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा शेतात असतील तर त्यांना मारणारे औषध उगाच मारू नका.

एक खुलासा, कारण हा गोंधळ नेहमी होतो: 2002 साली महाराष्ट्रात जो पांढरा लोकरी मावा आला होता तो हा नाही. लोकरी मावा रस शोषून नुकसान करतो, पिवळ्या पानाचा विषाणू तो पसरवत नाही.

पण मावा हा दुय्यम रस्ता. दोन्ही रोगांचा राजमार्ग एकच आहे, बेणे. रोगट उसाची कांडी लावली की उगवणारे बहुतेक कोंब रोगट.

पंचगंगाकाठ

मृण्मयीताई, शिरेचं वर्णन वाचलं, केवडा नव्हे हे पटलं. पण एक सांगतो. 86032 आता म्हातारी झाली. आमच्याकडं शंभर टन काढणारे त्याच रानात सत्तरवर आलेत. वाण जुना झाला की उतरतोच. 265 हा नवा वाण लावा, विषय संपला.

मृण्मयी_फोंडा

ह्याच्याशी मी ठामपणे असहमत आहे.

ऊस आपण कांडीपासून लावतो. पहिल्या 86032 मध्ये जो गुणसूत्रांचा संच होता तोच आजच्या कांडीत आहे. वाणाला वय नसते. वर्षानुवर्षे साचते ते बेण्यातले ओझे: पिवळ्या पानाचा विषाणू, मोझॅक, खोडवा खुरटणारा जिवाणू, गवताळ वाढीचा फायटोप्लाझ्मा (जिवाणूसारखा सूक्ष्मजीव). कांडीमागून कांडी हे सगळे पुढच्या लागणीत जाते. त्याच 86032 चा शेंड्यातला वाढबिंदू काढून ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) विषाणूमुक्त रोपे केली आणि शेजारी शेतकऱ्याचे नेहमीचे बेणे लावले, तर फरक डोळ्यांनी दिसतो. वाण तोच, जनुके तीच.

लाल कूज हा अपवाद, तिथे बुरशीचेच नवे प्रकार तयार होतात आणि वाण खरोखर बाद होतो. उत्तर प्रदेशात को 0238 चे तेच झाले. विषाणूच्या बाबतीत मात्र वाणाला दोष देऊन नवा वाण आणला, आणि तोही शेजाऱ्याच्या खोडव्यातून तोडून आणला, तर चार-पाच वर्षांत 265 सुद्धा ‘म्हातारा’ होईल.

जुने_पान

मी निवृत्त शिक्षक, शेती वडिलोपार्जित. वाचनाची आवड म्हणून थोडी भर घालतो.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात 1920 च्या दशकात हेच घडले, फार मोठ्या प्रमाणावर. मोझॅक, त्यात लाल कूज आणि मूळकूज. तिथले जुने जाड ऊस एकामागून एक बसले आणि 1926 साली राज्याचे साखर उत्पादन जेमतेम 47,000 टनांवर आले. कारखाने बंद पडले. मावा मोझॅक पसरवतो हे ब्रँडीस यांनी 1920 साली दाखवले होते, पण कारण कळल्याने ऊस वाचला नाही. वाचवले ते जावा बेटावरच्या पीओजे वाणांनी, ज्यांच्यात रानटी उसाचे रक्त होते आणि जे मोझॅक सोसत होते. पुढे 1930 च्या दशकात कोइमतूरचे को 281 आणि को 290 हेही लुइझियानात लागले. 1912 साली स्थापन झालेल्या आपल्या संस्थेचा ऊस मिसिसिपीच्या काठी उभा होता, याचा मला अभिमान वाटतो.

म्हणून पंचगंगाकाठ यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. सोसणारा वाण हा इतिहासात खरा उपाय ठरला आहे. पण तो मिळेपर्यंत वर्षे जातात. सांगेकरांचा प्रश्न पुढच्या लागणीचा आहे.

मृण्मयी_फोंडा

गुरुजी, मान्य. सोसणारा वाण आणि स्वच्छ बेणे, दोन्ही हवीत. आज आपल्या हातात दुसरे आहे.

केपेची_सुलभा

मी स्वतः ऊस करते, म्हणून व्यवहाराचे बोलते.

धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्यात 2019 पासून गाळप नाही. आमचा ऊस सीमेपलीकडे जातो. सरकारचे साहाय्य येत राहिले म्हणून आम्ही टिकलो, पण ऊस ठेवायचा की नाही हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. त्यातून गवे, रानडुकरे, माकडे. अशा वेळी माणूस नवी लागण टाळतो. निडवा राखतो, मग त्याच्याही पुढे जातो, कारण मशागत आणि बेणे यांचा खर्च वाचतो. आणि लागण करायचीच झाली तर बेणे घ्यायचे कुठून? परत जाणाऱ्या ट्रकवाल्याला सांगून पलीकडून आणतात, नाहीतर वाड्यावर ज्याचा ऊस उभा असेल त्याचा तोडतात. कुणी पान उलटे करून बघत नाही.

म्हणजे मृण्मयी म्हणते ते सगळे विषाणूला सोयीचे आम्ही करतो आहोत, पण हौसेने नव्हे. एकरी अडीच-तीन टन बेणे लागते. ते चांगल्या जागेवरून आणायचे तर वाहतूकच परवडत नाही. ह्याला उत्तर असेल तर सांगा, नाहीतर ही चर्चा आमच्या कामाची नाही.

मृण्मयी_फोंडा

सुलभाताई, प्रश्न अचूक आहे.

उत्तर असे की टनाने बेणे आणायचेच नाही. थोडी रोपे आणायची आणि बेणे इथेच वाढवायचे. महाराष्ट्रात मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र यांची त्रिस्तरीय पद्धत आहे: मूलभूत, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित बेणे, आणि दर तीन वर्षांनी बेणे बदल. कारखाना नसताना आपल्याकडे ही साखळी शेतकऱ्यांच्या गटालाच उभी करावी लागेल.

हजार चौरस मीटरचा तुकडा घ्या (पंचगंगाकाठ यांच्या हिशेबात दहा गुंठे). ऊतिसंवर्धित रोपे लावा. पहिल्या पिढीचा ऊस बारीक आणि भरपूर फुटव्यांचा येतो, तो बघून निराश होऊ नका, तो गाळपासाठी नसतोच. नऊ-दहा महिन्यांनी तोडा. समजा दहा टन आला, दोन डोळ्यांच्या टिपऱ्यांनी (तुकड्यांनी) तो तीन-साडेतीन एकरांना पुरेल. एक डोळा काढून ट्रेमध्ये कोकोपीटवर रोपे केली तर त्याच्या दुपटीहून जास्त क्षेत्र होते. गटातल्या सगळ्यांचे भागते.

दोन पथ्ये न चुकता पाळा.

बेणे मळा जुन्या खोडव्याला लागून करू नका. मावा तिथूनच येतो, आणि स्वच्छ ऊस पुन्हा रोगी होतो. तो काही लसीसारखा कायमचा सुरक्षित नाही, म्हणूनच ठरावीक वर्षांनी बदल.

चौथ्या महिन्यापासून मळ्यात फिरा, मोझॅकचे किंवा पिवळ्या शिरेचे बेट दिसले की मुळासकट काढा. दया दाखवू नका.

वाळपईकर

कोयता निर्जंतुक करायला सांगतात, त्याने फरक पडतो का? आणि बेणे गरम हवेत ठेवतात ते?

मृण्मयी_फोंडा

कोयत्याने मोझॅक पसरू शकतो, खोडवा खुरटणारा जिवाणू तर हमखास पसरतो. पिवळ्या पानाचा विषाणू कोयत्याने जात नाही, तो रसवाहिनीतच अडकलेला असतो. पण कोयता निर्जंतुक कराच, एका कामात दोन रोग टळतात.

54 अंशांवर अडीच तासांची उष्ण बाष्प प्रक्रिया गवताळ वाढ आणि खुरटा खोडवा यांसाठी आहे. ती विषाणू काढत नाही. ‘बेण्यावर प्रक्रिया केली आहे’ एवढ्या शब्दावर विषाणूमुक्त समजून पैसे देऊ नका. विषाणूची चाचणी केली का, ते विचारा. मातृरोपाची आरटी-पीसीआर चाचणी झालेली असेल तर विक्रेता कागद दाखवेल.

पंचगंगाकाठ

एक डोळा रोपांचं मी करतो, त्यात मदत करतो. वरच्या दोन-तृतीयांश उसाचे डोळे घ्या, बुडखा सोडा. डोळा वर करून ट्रेमध्ये ठेवा, बेणं प्रक्रिया विसरू नका. महिन्याभरात रोप लावणीला येतं. नांगरटीआधी निडव्याचा बुडखा पूर्ण काढा, उरलेल्या बुडख्यातनं कोंब फुटला की रोग परत रानात.

सांगेकर

सगळ्यांचे आभार. आज वाळकिणीतल्या दोघांना हा धागा वाचून दाखवला. त्यातल्या एकाकडे पलीकडच्या वाफ्यात तूर होती, ऊस कुठल्याच बाजूला लागून नाही. तो तुकडा बेण्याला द्यायला तो तयार आहे. माझा निडवा ह्या तोडीनंतर नांगरायचा, ठरले. आमच्या वडीलधाऱ्यांनी साळावली धरणात बुडालेली कुर्डी सोडून इथे येऊन ही जमीन ओलिताखाली आणली. तिच्यात ऊस राहणार असेल तर चांगला राहू दे.

नांगरण्याआधी चाचणी करून घ्यायची आहे. पान कुठे आणि कसे द्यायचे?

मृण्मयी_फोंडा

आधी तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि जुन्या गोव्याच्या किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारा. चाचणी तिथे होणार नसेल तर नमुना कोइमतूरला पाठवायची विनंती त्यांच्यामार्फत करा, संस्थेकडून गेलेल्या नमुन्याकडे लवकर लक्ष जाते.

नमुना असा घ्या. सकाळी लवकर, वरून तिसरे पूर्ण उघडलेले पान, पाच-सहा वेगवेगळ्या बेटांतले. पिवळ्या बेटांचे वेगळे आणि हिरव्या दिसणाऱ्या बेटांचे वेगळे, हे महत्त्वाचे. मधली शीर पात्यासकट ठेवा, ओले करू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, पिशवी बर्फाच्या डब्यात. प्रत्येक पुडीवर वाण, लागणीची तारीख, कितवे पीक, बेणे कुठले, हे पेन्सिलीने लिहा. शेजारच्या नव्या लागणीचेही एक पान घ्या, त्यांची परवानगी घेऊन.

केपेची_सुलभा

हजार मीटरच्या तुकड्यावर आमच्या गटातले चारजण भागीदारीत येतील. रोपांचा खर्च वाटून घेऊ, बेणेही त्याच प्रमाणात. सांगेकर, तुमची तोड कधी आहे? त्याआधी एकदा शेतावर येऊन पिवळी शीर प्रत्यक्ष बघायची आहे, म्हणजे आमच्याकडे फिरताना ओळखता येईल.

सांगेकर

टोळी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येणार म्हणतात. त्याआधीच्या रविवारी सकाळी या. दव सुकल्यावर नीट दिसते, नऊच्या सुमारास कालव्याच्या पुलावर थांबतो.

वाळपईकर

मीही येतो, सत्तरीतली मोझॅकची पाने घेऊन. बेण्याच्या यादीत माझे नाव घाला.